धार बंद करणारी अकबरीअक्का

पांझरेचा पूल ओलांडून देवपुरात शिरलं आणि घरं संपून शेतं लागली, की उजव्या हाताला क्षयरोग्यांचा दवाखाना होता. एका व्यापारी ट्रस्टनं बांधलेला. लोक त्याला खोकल्याचा दवाखाना म्हणत. साल पासष्ट-सहासष्टचं असेल. शिरपूर, साक्री, सोनगीरकडून माणसं एसटीनं नाहीतर बैलगाडीत गादी टाकून यायची, आणि आल्या आल्या नाव लिहिण्याआधी विचारायची, अकबरीअक्का कोणती?

अकबरीअक्का म्हणजे इंजेक्शनवाली नर्स. वय तिशीच्या आतबाहेर, अंगानं किरकोळ, चालणं मात्र असं की समोरच्यानं बाजूला व्हावं. तिची सुई दुखत नाही हे तर होतंच, पण तिचं खरं नाव झालं होतं ते धारेमुळे. स्ट्रेप्टोमायसिनची पूड असलेली रबरी बुचाची बाटली ती उचलायची, त्यात पाणी सोडायची, हलवायची, औषध काचेच्या सिरिंजमध्ये ओढायची आणि सिरिंज उजेडाकडे उभी धरून अंगठ्यानं दट्ट्याला एक टिचकी द्यायची. बारीक, सरळ, चकचकीत धार खिडकीच्या वरच्या चौकटीपर्यंत जायची. रांगेतली माणसं माना वर करून बघायची. खोकलासुद्धा तेवढ्यापुरता थांबायचा.

लोकांना त्या धारेचं वेड होतं आणि त्याला कारण होतं. सुईतून हवा अंगात गेली तर माणूस जागच्या जागी जातो, हे खानदेशातल्या पोराटोरांनाही ठाऊक. धार उडाली म्हणजे हवा गेली. शिवाय धार जितकी उंच, तितकी दवाई जोरदार, हा हिशेब आपोआप आलाच. दुसऱ्या नर्सांची धार कमरेइतकी, अकबरीची खिडकीइतकी. मग माणसं रांग कुठं लावणार?

अकबरीलाही ते आवडायचं. कशाला खोटं बोला, चांगलंच आवडायचं. ती जुन्या धुळ्यातल्या नूर महंमद मागवाल्याची मुलगी. ती पंधरा-सोळा वर्षांची असताना तिचा भाऊ अन्वर खोकून खोकून काठीसारखा झाला होता. हे औषध तेव्हा नुकतं कुठं मिळायला लागलेलं. रोज एक कंपाउंडर घरी येऊन टोचायचा. एक दिवस तो आलाच नाही. बाप हातमागावर डोकं टेकून बसला, आई रडायला लागली, आणि अकबरीनं सिरिंज उकळून भावाला स्वतः टोचलं. अन्वर जगला. पुढं तो आग्रा रोडवर ट्रक हाकायला लागला, आणि ही जळगावला जाऊन नर्सिंग शिकून आली. मुलीच्या जातीनं परक्या गावी राहायचं म्हटल्यावर मोहल्ल्यात बोलणारे बोलले. नूर महंमदनं त्यांना सांगितलं, की माझा मुलगा जिच्या सुईनं वाचला तिला शिकवल्याशिवाय मी कसा राहू? लग्नाचा विषय निघाला की अकबरी म्हणायची, आधी दवाखान्यातली रांग संपू द्या. रांग काही संपत नव्हती.

आणि अशा या बाईची बोटं खाजायला लागली. आधी बोटांच्या बेचक्यात लाली आली. तिनं खोबरेल लावलं. मग मनगटं उठली. मग पापण्या जड व्हायला लागल्या, आणि होळी झाल्यावर एका सकाळी ती उठली तेव्हा तिचे दोन्ही डोळे उघडेचनात. बापानं हाताला धरून दवाखान्यात आणलं. वॉर्डात एकच गिल्ला झाला, अक्काला दृष्ट लागली. कोणी मिरच्या ओवाळायला निघालं.

दवाखान्याचे डॉक्टर पुखराज. धुळ्यातल्याच एका मारवाडी कापडवाल्याचे चिरंजीव, पण दुकानात रमले नाहीत. भराभर बोलायचे आणि चालता चालता जेवायचे. त्यांनी अकबरीच्या पापण्या पाहिल्या, बोटं उलटीसुलटी करून पाहिली आणि सांगितलं, की दृष्ट नाही, हे औषधच आहे. ते रोज कातडीला लागून लागून कातडीनं त्याच्याशी वैर धरलंय. इतर ठिकाणच्या नर्सांनाही असं झाल्याचं त्यांनी वाचलं होतं. आता इवलासा थेंब लागला तरी फुगणार, आणि डोळ्यांचं काही कायमचं होऊन बसायला नको. तेव्हा आजपासून सुई बंद. उद्यापासून कपड्यांची कोठी सांभाळा.

कपड्यांची कोठी म्हणजे चादरी, उशांचे अभ्रे आणि नर्सांचे एप्रन मोजून धोब्याला द्यायचे आणि मोजून घ्यायचे. अकबरीला इतका संताप आला की डोळे सुजलेले नसते तर तिनं डॉक्टरांकडे ज्या नजरेनं पाहिलं असतं, त्या नजरेनं डॉक्टरांनाच ताप चढला असता. तिच्या जागी दुसरी नर्स सुंदरबाई आली. सुंदरबाई स्वभावानं गाय, हाताला हळवी. तिची धार खिडकीला पोचत नाही हे ऐकून अकबरीला आतून बरं वाटलं आणि बरं वाटलं म्हणून स्वतःचीच लाज वाटली.

आता गंमत ऐका. चार-आठ दिवसांत सूज उतरली आणि कोठीत बसून कपडे मोजताना अकबरीच्या लक्षात एक गोष्ट आली. इंजेक्शनच्या खोलीतून आलेल्या एप्रनवर बारीक बारीक टिपके असायचे. पांढुरके, कडक, खळ सुकल्यासारखे. छातीवर, बाहीवर, आणि डोक्याला बांधायच्या फडक्यावरसुद्धा. बाकी वॉर्डांच्या एप्रनवर एकही नाही. तिनं नखानं एक टिपका खरवडला. संध्याकाळपर्यंत ते बोट तांबडं झालं.

अकबरी ताडकन उठली. हे औषध होतं! इतकं औषध हवेत उडतं आणि आपल्याच अंगावर बसतं? तिनं जाऊन सुंदरबाईचा हात धरला. बोटांच्या बेचक्यात लाली आलेली होती. सुंदरबाई म्हणाली की काही नाही, उन्हानं झालं असेल. म्हणजे वैर आपल्या एकटीच्या कातडीचं नव्हतं. खोट कामाच्या पद्धतीत होती, आणि ती पद्धत आपण सगळ्यांना शिकवली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी वॉर्ड झोपलेला असताना तिनं कोठीचं दार लावलं. एक जुनी पांढरी चादर जमिनीवर पसरली. रिकामी बाटली धुऊन घेतली, सिरिंज घेतली आणि तोंड आल्यावर लावायचं जांभळं औषध पाण्यात कालवलं. मग रोज करायची तसंच सगळं केलं. बुचातून सुई घातली, पाणी जोरानं आत लोटलं, सुई उपसली. फुस्स! बुचातून जांभळा फवारा उडाला. तो इतका बारीक होता की साध्या पाण्याचा असता तर दिसलाच नसता. मग औषध ओढलं, सिरिंज उभी धरली आणि आपली ती प्रसिद्ध टिचकी दिली. धार वर गेली, आणि खाली येताना चादरीवर रंगपंचमी झाली.

अकबरी मोठ्यानं हसली. एकटीच, बंद खोलीत. मग भिंतीवरच्या आरशात तिनं तोंड पाहिलं आणि हसू थांबलं. गालावर, नाकावर आणि बरोब्बर पापण्यांवर जांभळे ठिपके होते. जिथं जिथं सूज यायची, तिथं तिथं.

धारेचं कोडं सोपं होतं. हवा बाहेर काढायची म्हणून धार. मग ती सुई बाटलीत असतानाच परत बाटलीत का काढू नये? बुडबुडा आत जाईल आणि थेंब बाहेर येणार नाही. पण त्या फुस्स करणाऱ्या फवाऱ्याचं घोडं कुठं पेंड खातंय ते कळेना. ती पुन्हा पुन्हा करून बघत होती आणि चादर पुन्हा पुन्हा जांभळी होत होती. तेवढ्यात शेजारच्या खोलीत सुंदरबाईनं सिरिंजा उकळून झाल्यावर स्टोव्ह बंद केला. चावी सैल केल्यावर स्टोव्हमधून हवा सुटते तसा सूं आवाज झाला.

काखेत कळसा आणि गावाला वळसा! वर्षानुवर्षं अकबरी तो स्टोव्ह पेटवत होती, विझवत होती. पंप मारून आत हवा कोंबायची, आणि विझवताना चावी सोडून ती मोकळी करायची. बाटलीत तिनं काय केलं होतं? आधीच हवेनं भरलेल्या बंद बाटलीत वर पाणी कोंबलं होतं. हवेला जायला जागाच नव्हती. सुई उपसली की ती औषध घेऊन उसळणारच. बाटलीला चावी नव्हती, पण सिरिंजचा दट्ट्या तर होता. तिनं पाणी आत सोडलं आणि सुई न काढता दट्ट्या मागं ओढला. बाटलीतली जास्तीची हवा निमूट सिरिंजमध्ये आली. मग सुई काढली. काही नाही. पुन्हा केलं. काही नाही. चादर कोरडी.

ती तशीच निघाली. डॉक्टर पुखराज बाहेरच्या रोग्यांना तपासत बसले होते, त्यांच्यासमोर जांभळ्या तोंडाची बाई उभी राहिली. त्यांना वाटलं चेहऱ्याला काही भाजलं-बिजलं. अकबरीनं बाटली, सिरिंज आणि जांभळं पाणी त्यांच्यापुढं ठेवलं आणि म्हणाली, आधी माझ्या जुन्या पद्धतीनं करा. डॉक्टरांनी केलं. त्यांचा पांढराशुभ्र शर्ट जांभळा झाला. मग नव्या पद्धतीनं करा म्हणाली. शर्टाला आणखी एक ठिपका लागला नाही. डॉक्टर खुर्चीतून उठलेच. जेवणाचा डबा तसाच राहिला. दोघं कोठीत गेले आणि शेंबड्या पोरांसारखे चादरीवर खेळत बसले. डॉक्टर म्हणाले, सुई काढताना बुचाभोवती स्पिरिटचा बोळा दाबून धरा, उरलंसुरलं तो पिऊन टाकेल. त्यांनी तेही करून पाहिलं. चादरीवर काय, बुचावरही काही उरलं नाही.

शेवटी अकबरीनं विचारलंच, की मग मला सुई परत मिळणार का? डॉक्टर गंभीर झाले. म्हणाले, "अकबरीबाई, कातडी एकदा रुसली ती रुसली. औषध लागलं नाही तर ती गप्प बसेल, पण लागलं तर मी पुन्हा ऐकून घेणार नाही. आखाजीपर्यंत करून बघा. तेवढ्यात डोळे सुजले तर सुई कायमची सुटली."

आखाजी म्हणजे अक्षय्यतृतीया, तिला तीनेक आठवडे होते. अकबरी त्या रात्री झोपली नसेल, पण सकाळी ती इंजेक्शनच्या खोलीत सगळ्यांआधी हजर होती.

आणि तिथंच माशी शिंकली. रांगेत पहिले होते तोताराम आबा. शिरपूरकडचे म्हातारे शेतकरी, हट्टी, झोपतानाही डोक्यावरची पांढरी टोपी न काढणारे. अक्का परत आली म्हणून आबा खूष होऊन बाही सारून बसले. अकबरीनं बाटलीतच बुडबुडा काढला, बोळा दाबून सुई उपसली आणि पुढं आली. आबांनी खिडकीकडे पाहिलं, सिरिंजकडे पाहिलं आणि बाही खाली केली.

"अक्का, धार दखाड," ते म्हणाले. "सुईमा हवा शे का दवाई शे, माले कसं कयी?"

सुईत हवा आहे की दवाई हे धारेशिवाय कळायचं कसं, हा त्यांचा सवाल. तिनं समजावलं. डॉक्टरांनी येऊन समजावलं. मग डॉक्टर रागावले. पण मागची रांग आबांच्या बाजूनं. कोणी म्हणालं, अक्का आजारी होती, हात थरथरतो, धार जमत नाही. कोणी म्हणालं, दवाई संपली म्हणून नुसतं पाणी देतात. एकामागून एक बाह्या खाली आल्या. एक तरुण विणकर तर गाठोडं बांधून घरी निघाला, त्याला फाटकातून परत आणावं लागलं. आणि इंजेक्शन चुकवून या रोगात भागत नाही. मधेच सोडलं की रोग दुप्पट अंगावर येतो, हे अकबरीला ठाऊक होतं. तिनं अशी माणसं परत आलेली पाहिली होती, आणि काही परत न आलेलीही.

आबांनी हात जोडले. म्हणाले, एवढी एवढीशी तरी दखाड. अकबरी पाघळली. तिनं चेहरा वळवून थोडीशी धार उडवली, अगदी चिमुकली. रांग खूष झाली, सगळ्यांनी बाह्या वर केल्या, आणि सगळ्यांना तेवढी तेवढी धार दाखवावी लागली.

संध्याकाळी पापणी खाजायला लागली. घरी जाऊन अकबरी डोळ्यांवर गार पाण्याच्या घड्या ठेवून पडून राहिली. तिला रडू येत होतं पण ती रडत नव्हती, कारण डोळे चोळले तर सगळंच संपलं. बाप उशाशी बसून घड्या बदलत होता. सकाळी पापणी थोडी जड होती, इतकंच. नशीब बलवत्तर. पण एक गोष्ट तिला पक्की कळली, की यात मधला मार्ग नाही. धार बंद म्हणजे बंद. आणि लोक धार सोडायला तयार नव्हते.

मग तिचं डोकं भडकलं, आणि ते बरंच झालं. ऊन चढायच्या आत तिनं सगळा वॉर्ड अंगणातल्या निंबाखाली बोलावला. ज्यांना चालवत नव्हतं त्यांच्या खाटा व्हरांड्याच्या कडेला ओढल्या. मधोमध एक स्टूल. अकबरी तोताराम आबांसमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आबा, टोपी द्या."

आबांनी टोपीवर हात ठेवला. टोपी मागणं म्हणजे थोडी गोष्ट नाही. पण अक्काचा चेहरा बघून म्हाताऱ्यानं टोपी काढली. तिनं ती स्टुलावर पसरून ठेवली, जांभळ्या पाण्याची बाटली हातात घेतली आणि सांगितलं, की ही आबांची बाटली समजा. यातली दवाई आबांची. आता मी रोजच्यासारखं करते.

पाणी लोटलं, सुई उपसली, फुस्स. औषध ओढलं, सिरिंज वर धरली, आणि दिली टिचकी. काय धार गेली ती! निंबाच्या खालच्या फांदीला लागली. लोकांनी वाहवा केली. मग धार खाली आली, आणि आबांची पांढरी टोपी जांभळ्या ठिपक्यांनी भरून गेली. अकबरीनं टोपी उचलून सगळ्यांना फिरवून दाखवली. रोज इतकी दवाई हवेत जाते, ती म्हणाली, आणि ती माझी नाही, तुमची आहे. जी टोपीवर पडली ती छातीत कशी पोचणार?

आबा टोपीकडे बघतच राहिले. वडिलोपार्जित तुपाची बुधली कलंडावी तसा त्यांचा चेहरा झाला.

"इतला दिन मन्ही दवाई तू टोपीले पाजी ऱ्हायनी व्हती का?" ते म्हणाले.

खाटांवरची माणसं हसायला लागली. हसता हसता खोकली, आणि खोकता खोकता पुन्हा हसली. अकबरीनं टोपी उलटी केली. आतली बाजू स्वच्छ होती. आता नव्या पद्धतीनं, ती म्हणाली. हवा मागं ओढली, औषध घेतलं, आणि सिरिंज बाटलीसकट उजेडाकडे धरून आबांना जवळ बोलावलं. काचेत वर एक बुडबुडा तरंगत होता. तो तिनं हळूच बाटलीत सोडला. आबांनी नाक काचेला लावून पाहिलं. बुडबुडा गेला. हवा गेली. बोळा दाबून सुई बाहेर आली, आणि टोपीवर एक ठिपकाही पडला नाही.

आबांनी तिथंच बाही वर केली. मी पहिला, म्हणाले. रांग निंबाखालीच लागली. विणकर गाठोडं टाकून मधे घुसायला बघत होता.

त्यानंतरच्या दिवसांत काय मजा झाली म्हणून सांगू! जो वॉर्ड कालपर्यंत धारेसाठी अडून बसत होता, तो आता थेंबासाठी भांडायला लागला. प्रत्येकजण आपल्या बाटलीवर डोळा ठेवून बसायचा. बुडबुडा दाखवल्याशिवाय दंड पुढं करायचा नाही. बाटलीच्या तळाशी काही राहिलं तर ते मागायचा. तोताराम आबांनी टोपी धुऊ दिली नाही. तीच जांभळी टोपी घालून ते इंजेक्शनच्या खोलीबाहेर शिपायासारखे बसायचे आणि नव्या रोग्याला सगळा कायदा समजावून सांगायचे. एकदा बाहेरगावचे एक डॉक्टर दवाखाना बघायला आले. त्यांनी सवयीनं सिरिंज वर धरून धार उडवली, तर सगळा वॉर्ड त्यांच्यावर ओरडला. बिचारे इतके दचकले की सिरिंजच हातातून सुटली. पुढं ते जळगावचे निघाले, आणि आमच्या नर्सांना हे दाखवायला ही बाई पाठवाल का, असं पुखराज डॉक्टरांना विचारून गेले.

सुंदरबाईची बोटं निवळली. आखाजीला ती माहेरी निघाली, तेव्हा बांगड्या भरलेले हात अकबरीपुढं नाचवून गेली. गावातून झोक्यांवरची गाणी ऐकू येत होती आणि ऊन असं होतं की पांझरेची वाळू चमकत होती.

आखाजीच्या सकाळी अकबरी डॉक्टरांच्या खोलीत जाऊन उभी राहिली. बापही आला होता, दाराबाहेर थांबला होता. डॉक्टरांनी तिला खिडकीशी उभं केलं. अंगठ्यानं एक पापणी उचलून पाहिली, मग दुसरी. मनगटं पाहिली. बोटांची एकेक बेचकी उघडून पाहिली. खरं तर ते पहिल्याच नजरेत कळण्यासारखं होतं, पण माणूस चक्रम, त्यांनी सगळं पुन्हा पाहिलं.

"जा," ते म्हणाले, "रांग थांबलीय तुमची."

अकबरी व्हरांड्यात आली. बापानं विचारलं काय झालं. ती खांबाला धरून रडायला लागली. मोठ्यानं, लहान मुलीसारखी, पदरानं डोळे खसाखसा पुसत. नूर महंमद घाबरून तिचा हात धरायला गेला, की डोळे चोळू नकोस. मग त्यानं तिचे डोळे पाहिले आणि हात खाली घेतला. ती डोळे चोळत होती, पुन्हा पुन्हा चोळत होती, आणि त्यांना काहीसुद्धा होत नव्हतं.